आधी काउंटी, मग खापरपणजोबा: अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीवरचं घराणं कसं शोधायचं

आठ महिने मी भलत्याच माणसाच्या मागे होते. नाव तेच, आडनाव तेच, काउंटीसुद्धा (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा) तीच. दोघेही १७९० च्या दशकात व्हर्जिनियातून डोंगर ओलांडून केंटकीत आलेले. ज्याची जमीन, घोडे आणि मृत्युपत्र मी वहीत हौसेने उतरवून घेतलं, तो निघाला पलीकडच्या ओढ्यावरचा कोणी दुसराच गृहस्थ.

मी मूळची साताऱ्याची, नवरा दक्षिण इंडियानातला. सासूबाईंना (मी त्यांना सासूबाईच म्हणते, तो शब्द त्यांना आवडतो) आपली माणसं कुठून आली हे जाण्याआधी कळायला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण घरात जुने कागद वाचायची खाज फक्त मला. आता आपल्याकडच्या कितीतरी घरांत अमेरिकन सून किंवा जावई आहे, आणि नातवंडं विचारतात, आजीकडचे लोक कोण? आजीकडचे लोक केंटकी, टेनेसी, ओहायो, इंडियाना या तेव्हाच्या पश्चिम सरहद्दीवरच्या मुलखातले असतील तर हा लेख तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. या मुलखात जन्माचे दाखले शोधत बसू नका. केंटकीत राज्यभराची जन्म-मृत्यू नोंदणी सलगपणे सुरू झाली ती १९११ साली. त्याआधीच्या माणसाने मागे जे काही ठेवलं ते काउंटीच्या कोर्टहाऊसमध्ये, म्हणजे न्यायालय आणि दप्तर एकत्र असलेल्या कचेरीत: जमीन घेतली-विकली, कर भरला, लग्नाचा जामीन दिला, मेला आणि त्याच्या भांड्यांचा लिलाव झाला.

१. घरातून सुरुवात करा आणि एकेक पायरी मागे जा

पहिला मोह होतो तो नेटवरचं तयार वंशवृक्ष उचलण्याचा. उचलू नका. कोणीतरी एकाने केलेली चूक चारशे जणांनी नकलून ठेवलेली असते आणि चारशे ठिकाणी दिसते म्हणून ती खरी वाटते. वृक्ष पाहा, पण त्याखाली कागद जोडलेला नसेल तर ती ऐकीव गोष्ट समजा.

घरात बायबल असेल तर त्यातल्या कौटुंबिक नोंदींचा फोटो घ्या, आणि बायबल छापल्याचं वर्ष असलेल्या पहिल्या पानाचाही घ्या. पुस्तक १८४० चं आणि आत १७९५ चा जन्म असेल, तर ती नोंद कोणाच्या तरी आठवणीतून नंतर लिहिलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने असतील तरी तेच.

मग जनगणना. दर दहा वर्षांनी होते, पहिली १७९० ची. नावांसकट कागद ७२ वर्षांनी खुले होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतचे पाहता येतात. तिथून मागे या. १८९० चे कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळजवळ सगळे गेले, म्हणजे १९०० वरून थेट १८८० वर उडी मारावी लागते. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. १८५० ते १८७० मध्ये ते नसतं, घरात राहणारी मुलगी कन्या की भाची हे तुम्हीच ताडायचं. आणि १८५० च्या मागे गेलात की फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव उरतं, बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांत आकडे होऊन बसलेले. बहुतेकांचा शोध इथेच अडकतो. केंटकीच्या तर १७९० आणि १८०० च्या जनगणनेचे कागदच उरलेले नाहीत. काउंटीचे कागद लागतात ते इथून पुढे.

पूर्वज गुलामगिरीत असतील तर ही भिंत आणखी अलीकडे, १८७० ला लागते. त्याआधीच्या जनगणनेत त्यांची नावंच नाहीत. ती सापडतात मालकाच्या कागदांत. त्याबद्दल पुढे येतेच.

२. माणूस हलला की काउंटी हलली, हे पाहा

मालवणचा माणूस घराबाहेर पाऊल न टाकता १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्गात गेला. केंटकीत हे सारखं होत होतं. १७७६ च्या अखेरीस व्हर्जिनियाने केंटकी नावाची एकच काउंटी केली. १७८० मध्ये तिच्या तीन झाल्या: जेफरसन, फेयेट, लिंकन. १७९२ मध्ये राज्य झालं तेव्हा नऊ होत्या, आज १२० आहेत. आणि कागदांचं असं की काउंटी फुटली तरी जुनी दप्तरं सहसा मूळ काउंटीतच राहतात.

अब्राहम लिंकनचंच घ्या. जन्म १८०९, हार्डिन काउंटी. ती जागा आज लारू काउंटीत आहे, कारण लारू १८४३ मध्ये हार्डिनमधून निघाली. आता लारूच्या कोर्टहाऊसमध्ये जाऊन १८०९ चं काही मागाल तर काय मिळणार?

त्याच्या आईवडिलांच्या लग्नाची गोष्ट तर या कामातला धडाच आहे. थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स हार्डिन काउंटीत राहत, म्हणून लोकांनी लग्नाची नोंद तिथेच शोधली. मिळाली नाही, मग या दोघांचं लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज पसरली. नोंद होती वॉशिंग्टन काउंटीत. लिंकन गेल्यानंतर काही वर्षांनी ती उजेडात आली. सरहद्दीवर लग्न बहुधा मुलीच्या काउंटीत लागायचं. नवऱ्याच्या काउंटीत नोंद नाही म्हणजे लग्न नाही, असा अर्थ काढू नका.

म्हणून प्रत्येक काउंटीसाठी वहीत एक पान घाला: केव्हा निघाली, कोणत्या काउंटीतून, पुढे तिच्यातून कोणत्या निघाल्या. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा जुन्या काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह नेटवर फुकट आहे. त्यात तारखेनिशी सीमा दिसतात.

३. हे जवळ ठेवा

- वंशाचा तक्ता आणि प्रत्येक जोडप्यासाठी एक कुटुंब-पान
- शोधाची वही: कोणतं पुस्तक, कोणती पानं, काय मिळालं, आणि काय मिळालं नाही तेही
- आडनावाची होतील तितकी स्पेलिंग. कारकून कानाला आलं तसं लिहायचा. केंटकीचा प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून, त्याच्या आडनावाच्या शेवटी ‘ई’ कधी आहे, कधी नाही
- फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं. ते मॉर्मन चर्च चालवतं, पैसे पडत नाहीत, धर्म कोणी विचारत नाही. पुण्यात बसूनही उघडता येतं
- ओढ्यांची नावं असलेला त्या काउंटीचा नकाशा

फॅमिलीसर्चवर नवखी माणसं शोधचौकटीत नाव टाकतात आणि काही आलं नाही की सोडून देतात. पण बरीचशी काउंटी पुस्तकं तिथे नुसती स्कॅन करून ठेवलेली आहेत, नावांची सूची झालेली नाही. कॅटलॉगमध्ये जा, राज्य आणि मग काउंटी निवडा, पुस्तक उघडा आणि कोर्टहाऊसमध्ये बसल्यासारखी पानं उलटा. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ते पुस्तक त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच पाहता येतं. अलीकडे जुनं हस्ताक्षर वाचून मजकुरात शोधायची सोयही तिथे आली आहे. मृत्युपत्रांच्या आणि खरेदीखतांच्या पुस्तकांत ती सोन्यासारखी आहे, फक्त तिने वाचलेलं मूळ पानावर स्वतः वाचून घ्या.

हस्ताक्षराला घाबरू नका. ज्याने मोडी पाहिली आहे त्याला हे फार अवघड नाही. एकच खोड लक्षात ठेवा: जोड ‘एस’मधला पहिला ‘एस’ लांब ओढलेला असतो आणि ‘एफ’सारखा दिसतो. ‘जेसी’ नावाची माणसं अशीच ‘जेफ्सी’ होऊन सूचीत हरवतात.

४. लग्नाचा जामीन

या मुलखात लग्नाआधी नवरा आणि एक जामीनदार मिळून रकमेचं हमीपत्र लिहून देत: लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, निघाली तर एवढी रक्कम देऊ. थॉमस लिंकनचं हमीपत्र १० जून १८०६ चं, पन्नास पौंडांचं, जामीनदार रिचर्ड बेरी. लग्न लागलं १२ जूनला, पाद्री जेसी हेड यांनी लावलं. म्हणजे हमीपत्राची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे. लग्न लागल्याचा पुरावा पाद्र्याने नंतर काउंटीला दिलेल्या यादीत असतो.

जामीनदाराचं नाव मात्र ठळक लिहून ठेवा. तो बहुतेक वेळा मुलीचा बाप, भाऊ किंवा पालक असतो. मुलीचं माहेर शोधायला याहून चांगला धागा क्वचितच मिळतो.

५. कराच्या याद्या: रटाळ, पण चुकवू नका

जनगणना दहा वर्षांनी, कर दरवर्षी. केंटकीच्या याद्या १७९२ पासून सुरू होतात. त्यात एकवीस वर्षांवरचे गोरे पुरुष, सोळा ते एकवीसमधले, गुलाम, घोडे, एकर, आणि जमीन कोणत्या ओढ्यावर आहे हेही असतं. शिवाय ती जमीन मुळात कोणाच्या नावाने नोंदली, मोजली आणि दिली गेली त्याचे रकाने.

सलग वीस वर्षांच्या याद्या ओळीने वाचा. मुलगा पहिल्यांदा यादीत दिसला की तो साधारण एकवीसचा झाला. एखाद्या वर्षी बाप गायब आणि त्याच जमिनीपुढे बाईचं नाव आलं, तर ती विधवा. यादी नावाच्या पहिल्या अक्षराने लावलेली नसून तारखेने असेल तर आणखी बरं. एकाच दिवशी ज्यांनी हजेरी लावली ते बहुधा शेजारी.

६. जमीन

इथे जरा रेंगाळा. माझ्या मते निम्मी घराणी इथेच सुटतात.

आधी हे ठरवा की तुमचं राज्य कोणत्या पद्धतीचं. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया ही राज्यांनी जमीन वाटलेली. तिथे आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखं वर्णन असतं: दोन पांढऱ्या ओकांपासून सुरुवात, तिथून उत्तर ४० अंश पूर्व १२० पोल अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणाने खाली, आणि पुन्हा सुरुवातीच्या झाडांपाशी. यातला ‘अमक्याचा कोपरा’ वगळू नका. शेजाऱ्यांची नावं नात्यागोत्याची निघतात.

पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलची एक साखळी, ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फुटांचा चौरस, म्हणजे बरोबर अर्धी साखळी गुणिले अर्धी साखळी. इंग्रजांनी तीच साखळी दोन्हीकडे नेली. हे लक्षात आल्या दिवशी मी सासूबाईंना केंटकीची जमीन गुंठ्यांत सांगितली होती.

केंटकीत जमीन मिळायला चार टप्पे होते: वॉरंट, म्हणजे इतकी एकर घेण्याचा हक्क; मग जागेची नोंद; मग मोजणी; शेवटी सनद. प्रत्येक टप्प्याचा कागद वेगळा आणि मधल्या कोणत्याही टप्प्यावर हक्क विकता यायचा. त्यामुळे सनदेवर नाव आहे म्हणून तो माणूस तिथे राहिला असं नाही. एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे पडत. थॉमस लिंकननेही १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं त्यामागे मुख्यतः हीच मालकी हक्काची भानगड होती. (आणि ज्यांच्याकडून ही जमीन आली त्या शॉनी आणि चेरोकी या मूळ रहिवाशांचा दावा तर यातल्या कोणत्याच पुस्तकात नाही.) जुन्या सनदांची स्कॅन केलेली पानं केंटकीच्या भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

ओहायो नदीच्या उत्तरेला बहुतेक ठिकाणी पद्धत वेगळी. १७८५ च्या कायद्याने सगळा मुलूख चौकोनांत आखला: सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. वर्णन येतं ते ‘नैर्ऋत्येचा चतकोर, सेक्शन अमुक’ असं. ही जमीन केंद्र सरकारने विकली, १८२० पासून रोखीने, एकराला सव्वा डॉलर, किमान ऐंशी एकर. त्या सनदा केंद्रीय भूमी खात्याच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात, आणि सनदेवर घेणारा कुठल्या काउंटीचा रहिवासी तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

पहिल्या सनदेनंतरची सगळी खरेदी-विक्री मात्र काउंटीच्या डीड बुकात, म्हणजे खरेदीखतांच्या पुस्तकात. तिथे दोन सूच्या असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा. आणि हे सापळे:

विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारलं जायचं, तुझा हिस्सा राजीखुशीने सोडतेस ना. त्या नोंदीत तिचं नाव असतं. अनेक बायकांचं नाव अख्ख्या आयुष्यात तेवढ्याच ओळीत सापडतं.

खत केलं त्याच वर्षी नोंदवलं असं नाही. वारसांनी जमीन वीस-तीस वर्षांनीही विकलेली असते, म्हणून माणूस मेल्यावर सूची बंद करू नका, तीस वर्षं पुढपर्यंत वाचा. दहा वारसांनी मिळून विकलं तर सूचीत फक्त पहिल्याचं नाव आणि ‘व इतर’. तुमची खापरपणजी त्या ‘इतर’मध्ये असते.

७. मेल्यानंतरचे कागद

मृत्युपत्र मिळालं नाही म्हणून हिरमुसू नका. बऱ्याच जणांनी ते केलेलंच नसायचं, आणि खरं तर तेव्हाच जास्त कागद तयार होतात: प्रशासकाची नेमणूक आणि जामीन, मालमत्तेची यादी, लिलावाचा हिशेब, वाटणी.

आमच्या घराण्यातली १८२० च्या दशकातली एक यादी माझ्यासमोर आहे. एक आंधळी घोडी. एक सूत कातायचं चाक. एक लोखंडी किटली, कान तुटलेला. लिलावाच्या हिशेबात ती किटली आणि ते चाक विकत घेणारी कोण? विधवा स्वतः. नवरा गेल्यावर घरातली भांडी त्याची मालमत्ता म्हणून विकली जायची आणि बाईला आपलीच किटली बोली लावून सोडवावी लागायची. तिच्यानंतर बोली लावणारे सगळे लिहून घ्या, ते जावई आणि दीर असतात.

काही याद्यांत घोडी आणि घड्याळ यांच्या मधल्या ओळीत माणसं असतात, पहिलं नाव, क्वचित वय, आणि पुढे डॉलरचा आकडा. आमच्या सासूबाईंच्या एका शाखेच्या कागदात अशी आई आणि मूल आहेत. ते पान मी वगळलं नाही, तुम्हीही वगळू नका. दुसऱ्या कोणाच्या तरी घराण्याचा तो एकुलता एक कागद असू शकतो.

वाटणीत मुलींची नावं नसली तरी ‘पत्नीच्या हक्काने’ हिस्सा घेणारे जावई असतात. पालकांच्या नेमणुकीत ‘अनाथ’ म्हणजे बाप नसलेला, आई जिवंत असू शकते. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं बाळ नव्हे, एकवीसच्या आतला कोणीही. आणि मुलाने स्वतः कोर्टात येऊन पालक निवडला असेल तर तो चौदा वर्षांचा झालेला होता. असे दोन-तीन तुकडे जोडले की जन्मवर्ष हाताशी येतं.

८. एकाच नावाची दोन माणसं

आता माझी चूक. दोघांची नावं सारखी, म्हणून कागदही मी एकत्र बांधले. खटकायला हवं होतं ते असं: १८०३ च्या खतात बायकोचं नाव एक, १८०५ च्या खतात दुसरं, आणि १८११ मध्ये पुन्हा पहिलं. मी म्हटलं, पहिली वारली असेल. मग ती १८११ मध्ये उठून सही कशी करते, हा प्रश्न मला चार महिन्यांनी पडला.

सोडवलं ते कराच्या याद्यांनी. दरवर्षी दोन ओळी होत्या, दोन वेगळ्या ओढ्यांच्या. मी एकच उतरवून घेत होते. मग प्रत्येक कागदाला ओढा लावला, बायको लावली, साक्षीदार लावले. शिवाय एक जण सही करायचा, दुसरा फुलीची निशाणी. (डीड बुकात असते ती कारकुनाने केलेली नक्कल, अस्सल सही नव्हे, पण निशाणी असेल तर तो ती तशी लिहितो.) दोन ढीग स्वच्छ वेगळे झाले.

सीनियर आणि ज्युनियर म्हणजे बापलेक असं धरून चालू नका. त्या काउंटीत त्या नावाचा थोरला तो सीनियर आणि धाकटा तो ज्युनियर, काका-पुतणे असतील किंवा नातंही नसेल. थोरला मेला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

९. म्हाताऱ्या शिपायाची जबानी

पूर्वज साधारण १७६५ च्या आधी जन्मला असेल तर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनचे कागद जरूर पाहा. १८३२ च्या कायद्याने हयात शिपायांना अर्ज करता आला. पुराव्याचे कागद बहुतेकांकडे नव्हतेच, म्हणून ते काउंटी कोर्टात उभे राहून सांगत: कुठे जन्मलो, कोणाच्या हाताखाली लढलो, नंतर कुठे कुठे राहिलो. व्हर्जिनियातलं नेमकं गाव कळायला आम्हाला हेच उपयोगी पडलं. विधवेच्या अर्जात तर लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची पानंही फाडून जोडलेली आढळतात. नामंजूर झालेले अर्जसुद्धा जपून ठेवलेले आहेत.

१०. कोर्टहाऊस जळालं असेल तर, आणि नसेल तर

यादवी युद्धात कितीतरी दप्तरं गेली. व्हर्जिनियातल्या अनेक काउंट्यांनी आपली पुस्तकं सुरक्षित म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळालं. अशा वेळी कराची राज्याकडे गेलेली प्रत शोधा, सनदा शोधा, शेजारच्या काउंटीत शोधा. आणि ‘सगळं जळालं’ हे कोणाच्या तोंडून ऐकून सोडू नका. मला एका काउंटीत फोनवर असंच सांगितलं गेलं. प्रत्यक्षात डीड बुकं शाबूत होती, गेली होती ती लग्नाची.

स्वतः जाणार असाल तर आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: जुनी पुस्तकं इथेच आहेत की राज्याच्या अभिलेखागारात, फोटो काढू देतात का, नकलेला पानामागे किती पडतं. पेन नको, पेन्सिल न्या. डीड बुकं वजनाला जात्यासारखी असतात, फळीवरून एकटीने ओढू नका. खोलीत जमिनीची मालकी तपासणारे लोक पोटापाण्याचं काम करत असतात, त्यांच्या टेबलावर पसारा मांडू नका. पण त्यांच्याशी बोला, सूचीतल्या खाचाखोचा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नसतात. पान फोटोत घेताना आधी पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक घ्या, नाहीतर घरी येऊन नव्वद फोटो आणि एकाचाही पत्ता नाही, अशी गत होते. लहान गावात दुपारी तासभर कुलूप लागतं आणि जवळ खायला काही मिळत नाही. पोळीभाजीचा डबा सोबत ठेवा, आणि तो गाडीत बसून खा.